मत आमचं, यादी कुणाची?

गेल्या विधानसभा निवडणुकीच्या आधीची गोष्ट. माझ्या मुलीचं नाव पहिल्यांदाच मतदार यादीत आलं होतं. ओळखपत्र हातात पडलं तेव्हा तिने त्याचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. दोन-चार दिवस घरात त्याचंच कौतुक चाललं होतं. मग उमेदवारांची नावं जाहीर झाली आणि तिचा सगळा उत्साह उतरला. रात्री जेवताना म्हणाली, "अब्बू, मैं तो नोटा दबाऊंगी."

मी विचारलं, का? तिने एकेक नाव घेतलं आणि प्रत्येकाबद्दल काय ऐकलंय ते सांगितलं. शेवटी म्हणाली, "इनमें का एक भी मैं ने नहीं चुना. ये नामां तय कौन करते?"

मी गप्प राहिलो. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा शिक्षक. निवडणुकीचं काम मला नवं नाही. मतदान अधिकारी म्हणून अनेकदा केंद्रावर रात्र काढली आहे. यंत्राला सील कसं लावायचं, शाई कोणत्या बोटाला, मतदार नोंदवहीत सही कुठे, या सगळ्याचं प्रशिक्षण दर वेळी होतं. पण यंत्रावरची ती नावं तिथे कशी येतात, याचं प्रशिक्षण आजवर कुणी दिलेलं नाही. अर्ज, छाननी, माघार हे कायद्याचं झालं. त्याच्या आधी एका बंद खोलीत काहीतरी ठरतं, त्याला आपण 'तिकीट' म्हणतो. त्या खोलीत मतदार नसतो.

आमच्या लातूर जिल्ह्याला हा वैताग परका नाही. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात दुसऱ्या क्रमांकाची मतं कुठल्या उमेदवाराला पडली नव्हती, ती 'नोटा'ला पडली होती. आकडा सत्तावीस हजारांच्या पुढे. एवढ्या लोकांनी घरून निघून, रांगेत उभं राहून, बोटाला शाई लावून सांगितलं की या यादीत आमचं कुणी नाही. निकालावर त्याचा काही परिणाम झाला नाही. नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली असती, तरी विधानसभेच्या निवडणुकीत त्याच्या खालोखाल मतं घेणारा उमेदवारच आमदार झाला असता. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हे बटण दिलं ते नाराजी नोंदवण्यासाठी. यादी बदलण्याची ताकद त्यात नाही.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला वर्गातला एक प्रसंग आठवला. काही वर्षांपूर्वी इतिहासाचे शिक्षक रजेवर होते म्हणून त्यांचा तास माझ्याकडे आला. धडा पुणे कराराचा. मी सांगितलं की या करारात 'प्राथमिक निवडणूक' ठरली होती. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "सर, प्राथमिक शाळेची निवडणूक?" वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी आल्यावर लक्षात आलं की त्या पोराला हसण्याचा मला तरी काय अधिकार? ती प्राथमिक निवडणूक नक्की कशी होती, हे मलाही धड सांगता आलं नव्हतं. त्यानंतर मी ते वाचत गेलो. आज त्याविषयीच लिहितो आहे, कारण 'नावं कोण ठरवतं' हा प्रश्न आपल्याच महाराष्ट्रात, येरवड्याच्या तुरुंगात, फार गंभीरपणे चर्चिला गेला होता.

१६ ऑगस्ट १९३२ रोजी ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य समाजाला स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. म्हणजे काही जागा अशा की तिथे उमेदवारही दलित आणि मत देणारेही फक्त दलित. शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही त्यांना मत होतंच. दोन मतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना यातलं दुसरं मत फार मोलाचं वाटत होतं, कारण त्यामुळे सवर्ण उमेदवारालाही दलित वस्तीत मत मागायला यावं लागलं असतं.

गांधीजी तेव्हा येरवडा तुरुंगात होते. स्वतंत्र मतदारसंघांमुळे हिंदू समाज कायमचा फुटेल, गावागावांत दोन तट पडतील, असं त्यांचं म्हणणं होतं. २० सप्टेंबरला त्यांनी उपोषण सुरू केलं. त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत बाबासाहेबांवर केवढं दडपण आलं असेल, याची कल्पना आज करणंही अवघड आहे. गांधीजींना काही झालं असतं तर त्याची किंमत खेड्यापाड्यांतल्या दलित वस्त्यांनी चुकवली असती, हे त्यांना दिसत होतं. २४ सप्टेंबरला करार झाला.

करारात स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्यांच्या जागी राखीव जागा आल्या. प्रांतिक कायदेमंडळांत एकूण १४८. निवाड्यात मिळालेल्या जागांच्या जवळजवळ दुप्पट. मुंबई प्रांताला सिंधसह १५, मध्य प्रांताला २०. आकडा वाढला म्हणून हा सौदा फायद्याचा वाटू शकतो. पण जागा किती, यापेक्षा त्या जागेवर बसणारा कुणी निवडायचा हा प्रश्न मोठा होता. आणि तिथेच प्राथमिक निवडणूक आली. ही दुहेरी निवडणुकीची कल्पना पुढे आणली ती सर तेजबहादूर सप्रू यांनी. एका बाजूला स्वतंत्र मतदारसंघ हवा म्हणणारे बाबासाहेब, दुसऱ्या बाजूला संयुक्त मतदारसंघच हवा म्हणणारे गांधीजी. या दोघांमधला तो पूल होता.

कलम साधारण असं होतं. मतदारसंघातल्या दलित मतदारांनी आधी आपापसांत मतदान करायचं. प्रत्येकाला एक मत. सर्वाधिक मतं मिळालेले चार उमेदवार निवडायचे. मग त्या चौघांतून एकाला अंतिम निवडणुकीत सगळ्या मतदारांनी, म्हणजे सवर्ण आणि दलित दोघांनी मिळून, निवडून द्यायचं. ही प्राथमिक फेरी पहिल्या दहा वर्षांनंतर संपेल, असंही करारात लिहिलेलं होतं.

वाचायला ही रचना न्याय्य वाटते. यादी तुमची, निवड सगळ्यांची. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. मग मी फळ्यावर गणित मांडून पाहिलं. वाचकांनीही मांडून पाहावं. आकडे माझे, काल्पनिक आहेत.

समजा एका मतदारसंघात हजार मतदार आहेत, त्यांतले शंभर दलित. प्राथमिक फेरीत चौघे उभे राहिले. पहिल्याला ६० मतं पडली, दुसऱ्याला २५, तिसऱ्याला १० आणि चौथ्याला ५. म्हणजे समाजाचा कौल स्पष्ट आहे. शंभरातल्या साठांनी एकाच माणसावर विश्वास टाकला आहे. चौथ्याला तर त्याचे घरचे आणि शेजारचे सोडून कुणी मत दिलेलं नाही. पण चौघेही यादीत आले. आता अंतिम फेरी. इथे हजार मतदार. गावच्या पाटलाला, सावकाराला, पुढाऱ्याला पहिला माणूस नको आहे. तो पाणवठ्याचं बोलतो, मजुरीचं बोलतो. चौथा मात्र भला माणूस, कुणाला दुखवत नाही. नऊशेंपैकी सहाशे-सातशे मतं चौथ्याला पडतात आणि तो आमदार होतो. कागदावर तो दलितांचा प्रतिनिधी. प्रत्यक्षात शंभरातल्या पंचाण्णवांनी त्याला नाकारलेलं.

१९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं याचा हिशेब मांडणारं जे पुस्तक बाबासाहेबांनी लिहिलं, त्यात त्यांचा मुख्य आक्षेप हाच आहे. प्राथमिक फेरीत तळाला असलेला माणूस अंतिम फेरीत वर येऊ शकतो, आणि तो निवडून येतो तो दुसऱ्यांच्या मतांवर, त्यामुळे बांधीलही त्यांनाच राहतो. यादीत चार नावं ठेवण्यातली मेख इथे आहे. यादी जितकी लांब, तितकी पहिल्या फेरीची किंमत कमी. एकच नाव असतं तर तो स्वतंत्र मतदारसंघच झाला असता. दहा असती तर प्राथमिक फेरी म्हणजे नुसती हजेरी.

पुढे मतदारसंघ आखण्यासाठी हॅमंड समिती नेमली गेली, तेव्हा या चार आकड्यावरून पुन्हा वाद झाला. चार म्हणजे किमान चार की जास्तीत जास्त चार? किमान चार मानलं, तर तीनच उमेदवार उभे राहिले की निवडणूकच अडणार. समितीने जास्तीत जास्त चार असा अर्थ लावला. याचा अर्थ, जिथे चार किंवा त्याहून कमी उमेदवार असतील तिथे प्राथमिक फेरीची गरजच नाही. दुसरा वाद मतं कशी द्यायची याचा होता. एका मतदारसंघातून दोन-तीन सदस्य निवडायचे असतील तर मतदाराला तितकी मतं. ती वेगवेगळ्या उमेदवारांना वाटून द्यायची, की सगळी एकालाच देण्याची मुभा हवी? बाबासाहेबांचा आग्रह एकवटण्याच्या मुभेचा होता, आणि मुंबई प्रांतात ती मिळाली. आज या गोष्टी किरकोळ, कारकुनी वाटतात. पण १९३७ चा मुंबईचा निकाल या कारकुनी बाबीने फिरवला.

फेब्रुवारी १९३७ ची निवडणूक. बाबासाहेबांनी आदल्या वर्षीच स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. ते मुंबईच्या भायखळा-परळ भागातल्या राखीव जागेवर उभे राहिले. समोर काँग्रेसने उभं केलं पालवणकर बाळू यांना. बाळू म्हणजे क्रिकेटमधले पहिले मोठे दलित खेळाडू. डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारे. तरुणपणी बाबासाहेबांना त्यांचा अभिमान वाटत असे. आणि पुणे करारावर ज्यांच्या सह्या आहेत, त्यांत डॉ. आंबेडकर आहेत आणि पी. बाळूही आहेत. एकाच कागदावर सही केलेली दोन माणसं पाच वर्षांनी त्याच कागदाने तयार केलेल्या आखाड्यात समोरासमोर उभी होती.

मी वर गणितात 'चौथा भला माणूस' म्हटलं, पण बाळू काही तसे नव्हते. ते स्वतःच्या कर्तबगारीवर मोठे झालेले, अपमान गिळून मैदान गाजवलेले गृहस्थ होते. समाजाला त्यांचंही प्रेम होतं. म्हणून ही लढत चांगला विरुद्ध वाईट अशी नव्हतीच. प्रश्न एवढाच होता की दलितांच्या वतीने बोलणारा कुणाचा आवाज कायदेमंडळात जाणार, आणि ते कोण ठरवणार. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. त्यांच्या पक्षाचे बहुसंख्य उमेदवारही जिंकले. गिरणगावातल्या आणि कोकणातल्या दलित मतदारांनी आपली मतं एकवटून दिली. नियमातली ती छोटी मुभा वापरायला संघटना लागते, वस्तीवस्तीत जाऊन समजावणारे कार्यकर्ते लागतात. ते त्यांच्याकडे होते.

देशभरातलं चित्र मात्र वेगळं होतं. कायद्याप्रमाणे राखीव जागा आता १५१ झाल्या होत्या. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास काँग्रेसने घेतल्या. आणि नऊ वर्षांनी, १९४६ मध्ये, मुंबईतही ते जुळलं नाही. बाबासाहेबांच्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनला देशभरात मिळालेल्या जागा एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. पण त्याच्या आधी, डिसेंबर १९४५ मध्ये, जिथे प्राथमिक फेऱ्या झाल्या तिथलं चित्र उलट होतं, हे बाबासाहेबांनी ब्रिटिश सरकारला आकडे देऊन सांगितलं. दलित मतदार एकटा मत देतो तेव्हा फेडरेशन पुढे, सगळे मिळून मत देतात तेव्हा फेडरेशन गायब. यावर उलट बाजूने म्हणता येतं, आणि तेव्हाही म्हटलं गेलं, की प्राथमिक फेरी थोड्याच जागांवर झाली होती. तेवढ्यावरून सगळ्या समाजाचा कौल कसा काढायचा? मुद्दा खोटा नाही. पण फेरी थोड्या जागांवर झाली तीसुद्धा नियमामुळेच. उमेदवार चारांवर गेले नाहीत, तर समाजाला आधी विचारायची सोयच नव्हती.

परळच्या चाळीतल्या नाहीतर नागपूरच्या एखाद्या वस्तीतल्या मतदाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. हिवाळ्यात जाऊन तुम्ही एकदा मत दिलंत. तुमचा माणूस पहिला आला. वस्तीत आनंद झाला. काही आठवड्यांनी पुन्हा मत दिलंत, त्याच माणसाला. तो पडला, आणि ज्याला तुम्ही नाकारलं होतं तो तुमच्या नावाने निवडून आला. मत नसण्याचं दुःख एक, आणि मत देऊनही ते पुसलं जाण्याचं दुःख दुसरं. जुलै १९४६ मध्ये पुणे कराराविरुद्ध फेडरेशनने पुण्यातच, विधिमंडळाच्या अधिवेशनावर सत्याग्रह केला, त्यामागे हा राग होता. ज्या शहराचं नाव कराराला मिळालं, त्याच शहरात लोक तुरुंगात गेले.

याच काळात अमेरिकेत 'प्राथमिक निवडणूक' याच नावावरून एक लढा चालू होता. तिथे पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षाला मानणारे सामान्य मतदार ठरवतात, त्या फेरीला हे नाव आहे. टेक्सस राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाचं असं वर्चस्व होतं की त्या पक्षाचा उमेदवार ठरला म्हणजे निवडणूक झाल्यातच जमा. आणि त्या पक्षाच्या प्राथमिक फेरीत कृष्णवर्णीयांना मत देता येत नसे. पक्ष म्हणे, आम्ही खाजगी संस्था, सभासद कुणाला करायचं तो आमचा अधिकार. अंतिम निवडणुकीत मात्र मत द्यायला कायद्याने आडकाठी नव्हती. या, द्या मत, पण निकाल आधीच लागलेला. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांना १९४० मध्ये असंच परत पाठवलं गेलं. ते कोर्टात गेले. त्यांच्या बाजूने थर्गुड मार्शल लढले, आणि १९४४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की उमेदवार निवडणं हासुद्धा निवडणुकीचाच भाग आहे. तिथे वर्णावरून कुणाला वगळता येणार नाही.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक चमत्कारिक साम्य दिसतं. टेक्ससमध्ये पहिला दरवाजा बंद, दुसरा उघडा. आपल्याकडे पहिला दरवाजा दलितांचा, दुसरा सगळ्यांचा. वरवर पाहता अगदी उलट व्यवस्था. पण दोन्हीकडे ज्या दरवाज्यावर निकाल ठरत होता, त्याची किल्ली दुसऱ्यांच्या हातात होती.

आता आपल्याकडे, म्हणजे मुसलमानांकडे येतो. कारण हा लेख वाचून आमच्यातले काही जण म्हणतील की मग स्वतंत्र मतदारसंघच बरे होते. मुसलमानांना ते १९०९ च्या कायद्यापासून होते. आपला उमेदवार आपणच निवडत होतो, मधे दुसरा दरवाजाच नव्हता.

या म्हणण्यात मला दोन अडचणी दिसतात. पहिली ही की 'आपण' म्हणजे कोण? १९३७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार होते सुमारे तीन कोटी. सारा भरणारे, कर भरणारे, शिकलेले. बाकीच्यांना मत नव्हतं. मराठवाडा तर निजामाच्या राज्यात. माझे आजोबा शेतात राबणारे. त्यांना कुठल्याच मतदारसंघात मत नव्हतं, ना स्वतंत्र ना संयुक्त. त्यांनी पहिलं मत दिलं ते १९५२ मध्ये, आणि ते संयुक्त मतदारसंघात. यादी करणारे नवाब, जमीनदार आणि वकील मुसलमान होते, एवढ्याने ती यादी आजोबांची होत नव्हती.

दुसरी अडचण मोठी आहे. स्वतंत्र मतदारसंघात मुसलमान उमेदवाराला हिंदूच्या दारात जावं लागत नसे आणि हिंदू उमेदवाराला मुसलमानाच्या. जो जितकं जास्त टोकाचं बोलेल, त्याचं तितकं चांगलं चालायचं. दुसऱ्या समाजाची मतं लागतच नाहीत, तर त्याला समजून घेण्याची गरज काय? बाबासाहेबांनी निवाड्यातलं दुसरं, सर्वसाधारण मतदारसंघातलं मत जपायचा प्रयत्न केला होता, ते यासाठीच. मुसलमानांना ते दुसरं मत नव्हतं. ती खोली आपली होती, पण तिला बाहेर उघडणारी खिडकी नव्हती. त्या खोलीने आपल्याला कुठे नेऊन सोडलं, ते १९४७ ने दाखवलं.

ऑगस्ट १९४७ मध्ये संविधान सभेत मद्रासचे बी. पोकर साहेब यांनी स्वतंत्र मतदारसंघ राहावेत अशी दुरुस्ती मांडली. ती फेटाळली गेली. बाबासाहेबांनीही त्याच वर्षी फेडरेशनच्या निवेदनात अनुसूचित जातींसाठी स्वतंत्र मतदारसंघ मागितले होते; तेही मिळाले नाहीत. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागाही गेल्या. बेगम कुदसिया ऐजाज रसूल यांनी त्या जाण्याचं समर्थन केलं. त्यांचं गणित साधं होतं. बहुसंख्य समाजाशी रोज एकत्र राहायचं आहे, तर त्याच्या सदिच्छेवर पैज लावायला हवी. मी ती पैज चूक मानत नाही. पण पैजेला दोन बाजू असतात. मुसलमानाने वेगळी यादी सोडली, तर सामायिक यादीत त्याला विचारात घेतलं जाईल, हे त्यात गृहीत होतं.

अनुसूचित जातींच्या राखीव जागा राहिल्या, प्राथमिक फेरी गेली. १९५२ मध्ये मुंबई उत्तर-मध्य मतदारसंघात संविधानाचे शिल्पकार उभे राहिले आणि काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने ठराव केला की कायदेमंडळातल्या राखीव जागाच नकोत. ज्यांनी त्या मिळवल्या, त्यांनीच हे म्हणावं, यापेक्षा जास्त वैताग कोणता?

यादीचा प्रश्न मात्र कुणी सोडवला नाही. संविधानाने प्रत्येकाला मत दिलं, पण पक्षाने उमेदवार कसा निवडावा याबद्दल कायदा गप्प आहे. पक्ष आजही टेक्ससवाल्यांसारखेच वागतात; आमचं घर, आमचा मामला. एक छोटा प्रयोग आमच्या लातूरने पाहिला आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने देशात काही मोजक्या मतदारसंघांत उमेदवार प्राथमिक निवडणुकीने ठरवले, त्यांत महाराष्ट्रातले लातूर आणि वर्धा होते. लातूरची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. म्हणजे पुणे करारातला शब्द अनेक दशकांनी एका राखीव मतदारसंघात परत आला होता! फरक एवढाच की या वेळी मत होतं ते पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना. गल्लीतला मतदार बाहेरच. दोन्ही उमेदवार त्या लाटेत हरले आणि प्रयोगही विसरला गेला. प्राथमिक फेरीने उमेदवार हरतो, असा निष्कर्ष काढून पक्ष मोकळे झाले. खरं तर तो प्रयोग सामान्य मतदारापर्यंत पोहोचलाच नव्हता.

आमच्या मोहल्ल्यातलं चित्र सगळ्यांना माहीत आहे. मतदानाच्या चार दिवस आधी चर्चा सुरू होते, "किसको देना?" एक म्हणतो याला, कारण तो त्याला पाडेल. दुसरा म्हणतो त्याला, कारण हा पैसे वाटतो. आपला माणूस कोण, असं कुणी विचारत नाही, कारण उत्तर माहीत असतं. एक पक्ष तिकीट देत नाही, कारण आपल्याला दुसरी जागा नाही हे त्याला ठाऊक. दुसरा देत नाही, कारण त्याला आपली गरज नाही. आणि जो देतो तो कधी कधी मतं फोडण्यासाठीच देतो. मग आपण चहा पिऊन घरी जातो आणि पाच वर्षं तिकीट वाटणाऱ्यांना शिव्या देतो. मीही देतो.

पण १९३७ च्या परळने मला गप्प बसवलं. तिथल्या मतदारांसमोरचा नियम आपल्यापेक्षा चांगला नव्हता. दुसरा दरवाजा त्यांच्याही हातात नव्हता. त्यांनी मतदानाच्या दिवसाची वाट पाहिली नाही. आधीच पक्ष काढला, नियम वाचले, मतं एकवटण्याची मुभा मागून घेतली आणि ती वापरायला लोकांना शिकवलं. शिवाय तो पक्ष मजुरांचा म्हणून काढला, नुसत्या एका जातीचा म्हणून नाही. पुढे १९४६ मध्ये तेच लोक हरले, हेही खरं. संघटना असली की दर वेळी जिंकताच येतं असं इतिहास सांगत नाही. संघटना नसली तर काय होतं, ते मात्र आपण दर पाच वर्षांनी पाहतो.

मुलीला मी हे सगळं सांगितलं नाही. जेवणाच्या ताटावर कुणी इतकं ऐकून घेत नाही. एवढंच म्हटलं की ही यादी पक्षांच्या खोलीत होते, आणि आपण त्या खोलीत नसतो कारण निवडणूक लागेपर्यंत आपल्याला तिची आठवण येत नाही. ती म्हणाली, "तो फिर आप क्यों नहीं जाते?" मी म्हटलं, मी शिक्षक, मला पक्षात जाता येत नाही. ती हसली. "मैं तो जा सकती हूँ ना?"

मतदानाच्या दिवशी तिने काय दाबलं ते मी विचारलं नाही. गुप्त मतदानाचा नियम घरातही लागू आहे. पण निकालानंतर महिनाभराने तिने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी वस्तीतल्या नालीसाठी, दवाखान्यासाठी आणि उर्दू शाळेच्या रिकाम्या शिक्षकपदांसाठी सह्यांचा कागद तयार केला, आणि घरोघर फिरल्या. काही घरांनी दारातूनच परत पाठवलं. कागदाच्या वर त्यांनी लिहिलं होतं: जो हे करेल म्हणून लिहून देईल, त्याचाच आम्ही विचार करू. खाली एकशे चाळीस सह्या होत्या, त्यांत शेजारच्या बौद्धवाड्यातल्या बत्तीस. पक्षाच्या खोलीत तो कागद कुणी वाचला की नाही, मला ठाऊक नाही. त्याची झेरॉक्स मात्र मी माझ्या कपाटात, पुणे कराराच्या टिपणांच्या शेजारी ठेवली आहे.